सासरा हयात असलेलं स्थळ

माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा आमच्या घरी पहिला प्रश्न मुलाच्या शिक्षणाचा किंवा नोकरीचा नसायचा. मुलाचे वडील हयात आहेत का, हे आधी विचारलं जायचं. असतील, तर बोलणं तिथंच थांबायचं.

माझा जन्म मूळ नक्षत्रावरचा. मूळ नक्षत्रावरची मुलगी सासऱ्याला वाईट, ती सून म्हणून घरात आली की सासरा फार काळ काढत नाही, असं आमच्या सगळ्या नातेवाइकांत मानलं जायचं. माझी पत्रिका आईच्या वडिलांनी मांडलेली. ते पैठणला भिक्षुकी करायचे आणि अतिशय सरळ माणूस. आई एकदा त्यांना म्हणाली, "जन्मवेळ थोडी पुढं सरकवा की. नक्षत्र बदलेल, पोरीचं भलं होईल." आजोबा म्हणाले, "मी सरकवली तर कागदावर सरकेल. जन्मली त्या वेळेचं काय करू?" आई त्यानंतर बरेच दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही.

आम्ही गुलमंडीच्या मागच्या गल्लीत राहायचो. बाबा शाळेत गणित शिकवायचे. निजामाच्या राजवटीत ते उर्दूतून शिकवत आणि पोलीस ॲक्शननंतर तीच शाळा मराठी झाली. जमा, तफरीक, जर्ब, तकसीम हे शब्द त्यांच्या जिभेवर इतके बसले होते की वर्गात बेरीज-वजाबाकी म्हणताना ते आधी क्षणभर थांबत. पत्रिकेबद्दल विचारलं की म्हणत, "मी काही मानत नाही. पण समोरचा मानतो, त्याला मी काय करू?" बाबांचं हे वाक्य मला तेव्हा फार लागायचं. न मानणाऱ्या माणसानंही मानल्यासारखंच वागायचं, तर मग न मानण्याचा उपयोग काय, असं वाटायचं.

वडील नसलेला एक मुलगा जालन्याहून सांगून आला होता. मुलगा कसला, चाळिशीचा बिजवर होता. आई तयार झाली. बाबांनी त्या दिवशी मात्र ताट बाजूला सारलं आणि "नाही" म्हणाले. त्यांना इतक्या मोठ्या आवाजात बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यानंतर स्थळांचा विषय काही काळ मागं पडला आणि मला कॉलेजात जाऊ दिलं गेलं.

छावणीकडं राहणाऱ्या एका वकिलांच्या मुलाचं स्थळ दिवाळीच्या सुट्टीत आलं ते बाबांच्या शाळेतल्या एका शिक्षकांमुळं. वडील हयात असलेलं हे एकच स्थळ होतं जे आमच्या घरापर्यंत पोचलं, कारण मध्यस्थानं त्यांना पत्रिकेचं आणि आम्हांला मुलाच्या वडिलांचं आधी सांगितलंच नव्हतं. वकील, त्यांची बायको आणि मुलगा अशी तिघं आली, चहा झाला, मला दोन-चार प्रश्न विचारले. वकील शेरवानी घालून आले होते आणि बाबांशी मधूनच उर्दूत बोलत होते. मंडळी खुशीत गेली. मग पत्रिका गेली, आणि आठवडाभरात निरोप आला, योग नाही. आईनं निरोप ऐकला आणि चहाचे ठेवणीतले कप पुन्हा फडताळात लावून टाकले.

त्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजात नाटक बसायला घेतलं. इंग्रजीचे सर तरुण होते, विदर्भातून आलेले. दर वर्षी गॅदरिंगला विनोदी नाटक व्हायचं, ते त्यांना नको होतं. त्यांनी एक फार जुनं ग्रीक शोकनाटक मराठीत उतरवलं होतं. पहिल्या दिवशी वर्गात बसवून त्यांनी आम्हांला त्याची गोष्ट सांगितली.

एका राजाला मूल व्हायचं असतं आणि भविष्य वर्तवलं जातं की हा मुलगा बापाला मारील. राजा घाबरतो आणि तान्ह्या पोराला डोंगरावर टाकून यायला एका धनगराच्या हाती देतो. धनगराला दया येते. तो मूल टाकत नाही, दुसऱ्या मुलखातल्या माणसाला देतो. मूल परक्या घरी, तेच आपलं घर समजून वाढतं. तरुणपणी त्याच्याही कानावर तेच भविष्य येतं. आपल्या हातून बाप मरू नये म्हणून तो घर सोडून पळतो आणि वाटेत एका अनोळखी म्हाताऱ्याशी त्याचं भांडण होतं. त्या भांडणात तो म्हातारा मरतो. तो त्याचा खरा बाप. पुढं हाच मुलगा त्या राज्याचा राजा होतो, जुन्या राजाच्या राणीशी लग्न करतो. राज्यात रोगराई येते, जुन्या राजाचा खुनी सापडल्याशिवाय ती जाणार नाही असं सांगितलं जातं. राजा शोध घेत घेत जातो आणि खुनी तो स्वतःच निघतो.

सर सांगत होते तसतशी मी वहीवर उगीच रेघा ओढत गेले. वर्गात कुणाला माझ्या नक्षत्राचं माहीत नव्हतं. मला मात्र वाटत होतं की सगळा वर्ग माझ्याकडंच बघतोय.

राणीचं काम करायला कुठल्याही मुलीच्या घरून परवानगी मिळेना. सरांनी राणी पडद्याआडच ठेवली, तिच्या बातम्या दासी येऊन सांगत. आणि धनगराची त्यांनी म्हातारी धनगरीण केली. ते काम माझ्याकडं आलं. बाबांनी एवढंच विचारलं, "म्हातारीचंच काम आहे ना? मग करू दे." आईनं तिचं जुनं नऊवारी दिलं. घोंगडी शेजारच्यांची आणली. केसांना तांदळाची पिठी लावायची ठरलं.

तालमी दुपारी तास संपल्यावर व्हायच्या. तालीम कमी आणि वाद जास्त. अर्धी मुलं म्हणायची, सगळं आधीच ठरलेलं, राजा बिचारा काय करणार? सर म्हणायचे, "भविष्यात इतकंच होतं की हे घडेल. तो शोध शेवटपर्यंत नेईल, असं त्यात होतं का? जो तो सांगत होता, राजा, थांब, पुढं विचारू नको. तो थांबला नाही. ते त्याचं स्वतःचं." मुलं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

एकदा मी धीर करून विचारलं, "सर, त्यांनी मूल टाकलंच नसतं तर?"

सर हसले. "तर नाटकच झालं नसतं."

सगळे हसले. मला ते उत्तर पुरलं नाही. पण पुढं विचारायचं म्हणजे आपण का विचारतोय ते सांगावं लागणार, म्हणून मी गप्प बसले.

नाटक झालं त्या संध्याकाळी हॉल भरला होता. धनगरीण शेवटाकडं येते. शिपाई तिला धरून आणतात आणि राजा विचारतो, मूल कुणाचं होतं, कुणी दिलं? तिला सांगायचं नसतं. सांगितलं की राजा संपला, हे एकट्या तिला कळलेलं असतं. मी तालमीत हा प्रसंग कधीच नीट केला नव्हता. त्या दिवशी "मला दया आली" हे शब्द आले तेव्हा माझा आवाज फाटला आणि मला पुढचं वाक्य बोलता येईना. लोकांना तो अभिनय वाटला. मला खरोखरच त्या म्हातारीचं वाईट वाटत होतं. एका लेकराला जगवलं, यात तिचं काय चुकलं होतं?

पहिल्या रांगेत वकील बसले होते. गावातल्या वाचनालयाच्या कमिटीवर असल्यामुळं त्यांना बोलावणं होतं. मी पिठी लावलेल्या केसांत, त्यांनी मला ओळखलं नाही. नाटक संपल्यावर सरांनी पात्रांची ओळख करून दिली तेव्हा ते खुर्चीत पुढं वाकून बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी दारात टांगा थांबला आणि वकील एकटेच उतरले. बाबांची धांदल उडाली, सदरा सापडेना. वकील आत येऊन सतरंजीवरच बसले, खुर्ची नको म्हणाले.

"गुरुजी, मी सरळ बोलतो. तुमची मुलगी आमच्या घरी द्या."

बाबा म्हणाले, "वकीलसाहेब, पत्रिका तुमच्याच घरून परत आली होती."

"आली होती. घरात भीती आहे. माझ्याही मनात नव्हती असं नाही, खोटं कशाला बोलू? पण काल मी नाटक बघितलं." ते माझ्याकडं वळले. मी आतल्या दारात उभी होते. "सगळा घोळ कुठं झाला, सांगा बघू. त्या पहिल्या राजानं भिऊन पोर घराबाहेर टाकलं, तिथं झाला. पोर घरात वाढलं असतं तर बापाला ओळखलं असतं. रस्त्यात बाप भेटला असता तर त्यानं वाकून सलाम केला असता. डोक्यात काठी घातली नसती. ओळख नव्हती, म्हणून मारलं. मग मी हिला उंबऱ्याबाहेर ठेवून माझं काय भलं होणार? घरात आणतो. चांगली ओळख होऊ द्या."

बाबा हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. ते म्हणाले, "तुमचं ठीक आहे. पण उद्या तुम्हाला साधा ताप आला तरी लोक हिच्याकडं बोट दाखवतील. आणि काही बरंवाईट झालं, तर तुम्ही सुटाल वकीलसाहेब. माझी मुलगी जन्मभर सुटायची नाही."

बराच वेळ वकील सतरंजीच्या दशा बोटांत फिरवत होते. मग म्हणाले, "ही बाजू मी धरलीच नव्हती." त्यांनी मला हाक मारली. "बाळ, इकडं ये. गुरुजी म्हणतात ते खरं आहे. धोका माझ्यापेक्षा तुला जास्त आहे. पोलीस ॲक्शननंतर आमची उर्दू कोर्टं गेली, तेव्हा माझे निम्मे दोस्त म्हणाले, तकदीर फिरली, आता घरी बसा. मी मुलाची शाळेची पुस्तकं घेऊन मराठीतून अर्ज लिहायला शिकलो. तकदीर आपल्या हाती नाही. तदबीर, म्हणजे आपण काय करायचं ते, आहे. पण तुझी तदबीर तू करायची, मी नाही. तू सांग."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला, तू सांग, असं म्हणालं होतं. मी म्हटलं, "मला तुमच्या मुलाशी एकदा बोलायचंय."

आईनं आतून माझ्याकडं असं बघितलं की जणू मी चुलीत पाणीच ओतलं. वकील मात्र खूश झाले. "वा! साक्षीदार हजर करतो."

साक्षीदार दोन दिवसांनी आले. पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते, उन्हानं रापलेले, कमी बोलणारे. आई दारातच गहू निवडत बसली होती. मी मान खाली घालून विचारलं, "उद्या तुमच्या वडिलांना काही झालं तर तुम्ही मला काय म्हणाल?"

त्यांनी खूप विचार केला. इतका, की आईचे हात थांबले.

"आत्ता विचारलं तर मी चांगलंच सांगणार," ते म्हणाले. "तेव्हा काय म्हणेन ते मला आत्ता माहीत नाही. वाईट बोलू नये एवढं वाटतं."

दुसरं कुणी असतं तर त्यानं देवाची शपथ घेतली असती. मला हे उत्तर शपथेपेक्षा खरं वाटलं. मी बाबांना हो सांगितलं. बाबांनी आजोबांकडून मूळशांत करून घेतली, ती सासूबाईंच्या मनासाठी. लग्न वैशाखात झालं.

सासूबाई वाईट नव्हत्या. माझे केस त्या विंचरून द्यायच्या, माहेरी जाताना माझ्या पिशवीत काहीतरी बांधून द्यायच्या. पण एका बाबतीत त्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा. स्वयंपाक मी करायचा, मामंजींना वाढायचं मात्र त्यांनी. सकाळी ते खोलीतून बाहेर येण्याआधी मी मागं विहिरीवर निघून जायचं. ते कोर्टात निघाले की मी समोर यायचं नाही. त्यांनी हे कधी रागावून सांगितलं नाही, हात जोडल्यासारखं सांगितलं. त्या मला भीत होत्या. मला दुष्ट सासू चालली असती, भांडता आलं असतं. भिणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं?

मामंजी हे सगळं जाणून होते आणि मुद्दाम मोडायचे. फाटकात उभं राहून ओरडायचे, "सूनबाई, निघालो बरं का!" मी गेले नाही तर पुन्हा ओरडायचे. संध्याकाळी उर्दू पेपर मला वाचून दाखवायचे. सासूबाई जपमाळ घेऊन शेजारीच बसायच्या. ते बातमीत, त्या त्यांच्या चेहऱ्यात.

वर्ष होत आलं. चैत्र होता. सासूबाई दुपारी शेजारी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गेल्या होत्या. हे कामावर. उन्हाळ्यामुळं कोर्ट सकाळचं होतं, मामंजी कोर्टातून शहागंजात जाऊन उशिरा घरी आले होते आणि जेवायला नको म्हणून पडले होते. मी पन्ह्यासाठी कैऱ्या उकडत होते. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

मी दारात गेले. मामंजी पलंगाच्या कडेला बसले होते, पाण्याचा तांब्या खाली पडलेला. एक हात छातीखाली दाबून धरलेला, चेहरा घामानं निथळत होता आणि ओठ पांढरे पडले होते. "सूनबाई" एवढंच म्हणाले.

मी दारातच थांबले. किती वेळ, मला सांगता येणार नाही. फार नसेल. पण तेवढ्यात सगळं सरसर डोक्यातून गेलं. मी हात लावला आणि ते गेले तर? मी इथून निघून गेले तर वाचतील का? घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांना उलटीची उबळ आली, ते पुढं झुकले आणि पडायला लागले. मग मी धावले. त्यांना धरलं, पाठीला खांदा दिला. माझ्यापेक्षा दुप्पट वजनाचा माणूस, कसा उठवला कोण जाणे. फाटकापर्यंत आणला आणि रस्त्यावरच्या टांग्याला हाक मारली.

टांगेवाल्यानं बघितलं आणि उडी टाकून खाली आला. "अरे, ये तो अपने वकीलसाब हैं! क्या हुआ?" त्यानं त्यांना उचलून वर घेतलं. "फिकर नक्को करो बेटी, अब्बी पहुँचा देतूं."

सरकारी दवाखान्यापर्यंत मामंजींचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ते कण्हत होते. मी कुठलाही धावा केला नाही. खोटं बोलणार नाही, त्या टांग्यात माझा माझ्या नक्षत्रावर पूर्ण विश्वास बसला. आजोबांनी सांगितलं होतं, सगळे सांगत होते, आणि आम्ही मोठे शहाणे, नाटक बघून लग्न केलं. मला वाटलं, तो राजा निदान पळाला तरी. मी तर स्वतः चालत या घरात आले.

मामंजींना आत नेलं आणि मला व्हरांड्यात बसवलं. टांगेवाला परत जाऊन घरी निरोप देऊन आला. सासूबाई हळदीकुंकवाच्या साडीतच आल्या, कपाळावर ताजं कुंकू, ओटीतले हरभरे तसेच. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"झालं शेवटी," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या आणि पदर तोंडाशी धरला.

थोड्या वेळानं हे आले, सायकलवरून, धुळीनं भरलेले. त्यांनी आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. माझ्या पातळावर उलटीचे डाग होते. मी वाट बघत होते. आता काय बोलायचं ते बोला, असं मनात म्हणत होते.

ते म्हणाले, "तू सकाळपासून काही खाल्लंयस का?"

आणि माझ्या शेजारी येऊन बसले. मी तेव्हा रडले.

डॉक्टर वयस्क होते, हैदराबादला शिकलेले, मामंजींना चांगले ओळखणारे. त्यांनी आम्हांला आत बोलावलं. मामंजी उशीला टेकून पडले होते. चेहरा उतरलेला, पण डोळे उघडे. इंजेक्शनानं कळ थांबली होती. सासूबाईंनी पलंगाचा दांडा घट्ट धरला.

"दिल?" ह्यांनी विचारलं.

"दिल एकदम दुरुस्त," डॉक्टर म्हणाले. "मी तीनदा तपासलं. दुखणं इथं आहे." त्यांनी मामंजींच्या उजव्या बरगडीखाली दोन बोटं दाबली आणि मामंजी ओरडले. "पित्ताची पिशवी. खडे असणार, फोटो काढल्यावर कळेल. आता वकीलसाहेब, जबानी द्या. आज काय खाल्लं?"

"साधंच," मामंजी म्हणाले. "सकाळी थोडं दूध."

"और?"

"और काय?"

"हे दुखणं दुधानं उठत नाही. खूप तूप, खूप चरबी पोटात गेली की उठतं. पुन्हा विचारतो. आज काय खाल्लं?"

मामंजींनी छताकडं बघितलं. मग सासूबाईंकडं. मग पुन्हा छताकडं. "शहागंजात," ते हळू आवाजात म्हणाले, "दोस्ताकडं. नान-कलिया."

भट्टीतली पिवळसर नान आणि तिच्याबरोबर वर बोटभर तर्री आलेला मटणाचा रस्सा. आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. पण आमच्या स्वयंपाकघरात कांदा-लसूणही चातुर्मासात येत नसे.

"मटण?" सासूबाई म्हणाल्या.

मामंजींनी चादर गळ्यापर्यंत ओढली.

"कधीपासून?"

"लग्नाआधीपासून."

"ह्याच्या?" सासूबाईंनी मुलाकडं बोट केलं.

"आपल्या."

डॉक्टरांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. हे खिडकीबाहेर बघायला लागले. सासूबाईंचं मात्र हसण्याकडं लक्ष नव्हतं. त्यांच्या कपाळावर आठी आली होती, काहीतरी जुळवत असल्यासारखी. त्यांनी विचारलं, "आणि असं दुखणं? हे आजच पहिल्यांदा झालं?"

"अगं, जाऊ दे ना आता."

"सांगा."

"झालंय पूर्वी. असं जोराचं नाही. पण झालंय, दोन-तीनदा. तुला सांगितलं नाही, तू विचारलं असतंस काय खाल्लं म्हणून."

"ही घरात यायच्या आधी?"

"व्हय," मामंजी म्हणाले, कोर्टात कधी बोलत नसतील अशा आवाजात. "लई आधी."

सासूबाई तिथंच पलंगावर बसल्या. त्यांच्या ओटीतले हरभरे फरशीवर सांडले आणि त्यांना कळलंही नाही. त्या रडायला लागल्या आणि रडता रडता नवऱ्याला बोलायला लागल्या. बाटवलंत, फसवलंत, माझे उपासतापास पाण्यात घातलेत. मध्येच त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. बोलत नवऱ्याशी होत्या, हात माझा चोळत होत्या. तितका वेळ त्यांनी मला कधीच हात लावला नव्हता. "किती गार पडलीयस गं," त्या मध्येच म्हणाल्या आणि पुन्हा नवऱ्याकडं वळल्या.

मामंजी जरा बरं वाटल्यावर माझ्याकडं बघून म्हणाले, "सूनबाई, तुमच्या राजासारखंच झालं की. एवढी तपासणी केली आणि मुजरिम फिर्यादीच निघाला."

"गप्प पडा," सासूबाई म्हणाल्या.

पुढं मामंजींचं ऑपरेशन झालं. खडे निघाले, ते त्यांनी काचेच्या बाटलीत घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले. नंतर ते खूप वर्षं जगले. माझ्या मुलांना उर्दू अक्षरं त्यांनी शिकवली, माझ्या धाकटीच्या लग्नात ते काठी टेकत का होईना पंगतीतून फिरले. मी वाढलेलं जेवत गेले, आणि मी वाढते म्हणून तूप कमी मिळतं, अशी तक्रार करत गेले. माझ्या पत्रिकेत चूक होती की नव्हती, हे मी कुणाला विचारलं नाही. गेले ते आपल्या वयानं, झोपेत. कधीतरी जायचंच होतं.

पण मला जास्त करून आठवतो तो दवाखान्यातला दिवस संपल्यानंतरचा दुसरा दिवस. सासूबाईंनीच मला सकाळी माहेरी पाठवलं. म्हणाल्या, तुझे आईवडील घाबरले असतील, स्वतः जाऊन सांगून ये.

बातमी गुलमंडीत आधीच पोचली होती. अर्धवट पोचली होती. मी गल्लीत शिरले तेव्हा बाबा शाळेत न जाता ओट्यावर उभे होते. चेहरा असा की मी लांबूनच ओरडले, "बरे आहेत! बाबा, ते बरे आहेत!"

बाबा खाली बसले. मी त्यांना सगळं सांगितलं. टांगा, व्हरांडा, डॉक्टरांची उलटतपासणी. नान-कलियापाशी आले तेव्हा त्यांना आधी समजलंच नाही. दोनदा विचारलं. मग ते हसायला लागले. बाबा मोठ्यानं हसणारे नव्हते. ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले, पुसले तरी पुन्हा पाणी यायला लागलं, आणि मग मला कळेना की ते हसतायत की रडतायत. त्यांनाही कळत नसावं. मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसून राहिले. समोरच्या कापड दुकानदारानं विचारलं, "मास्तर, काय झालं?" बाबा हात हलवून म्हणाले, "काही नाही, काही नाही. सगळं ठीक आहे."

आई आतून येऊन सगळं ऐकत उभी होती. तिनं देवासमोर साखर ठेवली, ती मला आणि बाबांना दिली. थोडा वेळ गेला. गल्लीत कुणी ऐकत नाही ना ते तिनं बघितलं आणि माझ्याजवळ वाकली.

"पण काय गं," तिनं विचारलं, "लग्नाआधीपासून सोडवलं नाही म्हणजे, चवीला लागत असेल तरी कसं?"